एकशे वीसच्या आत

१२ जानेवारी

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण काल मैदानावर इतक्या वेळा घातलाय की आज कंबर परवानगी देत नाही.

फोनवर तू येत नाहीस, जीभ अडखळते म्हणतोस, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात तुमच्याकडून निघताना वहिनीने तुझी गोल्फची बॅग माझ्या गाडीत टाकली, ते तुला कळलं असेलच. म्हणाली, "घेऊन जा गं बाई, ही दारामागे दिसली की हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात." मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात याचं काय करू, काचा फोडू? पण बॅग आठ दिवस काउंटरपाशी उभी राहिली आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारू लागलं, "अरे वा, तुम्ही खेळता?" शेवटी नाही नाही म्हणण्यापेक्षा खेळणं सोपं वाटलं.

तर मी पालिकेच्या मैदानावर नाव घातलं. काल पहिल्यांदा अठराही होल खेळले. माझ्या जोडीला एक निवृत्त नर्स असतात, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्याही माझ्यासारख्याच नवशिक्या. बेरीज त्यांनी केली: एकशे अठ्ठावन्न. मला वाटलं भारीच झालं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. मैदानाच्या कचेरीतला माणूस खोकला. मग सिस्टरनी कानात सांगितलं की या खेळात आकडा जितका कमी तितकं चांगलं.

आता तू सांग. चेंडूला काठी लागलीच नाही, नुसता वारा घातला, तर तो फटका मोजायचा का? तसं नसेल तर माझे पंचवीस तरी कमी होतील. शिकवायला एक बाई आहेत तिथे, पण तू तीस वर्षं खेळलायस. पत्राने शिकव मला.

तुझी,
भिंगरी

---

२० जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद. डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर चष्मा बदल, दुकान तुझंच आहे.

पहिली गोष्ट, त्याला काठी नाही, क्लब म्हणतात. दुसरी गोष्ट, मारायचा इरादा होता ना? मग चेंडूला लागो न लागो, तो फटका मोजायचा. मी उभी हयात वजनमापे खात्यात काढली. वाण्यांच्या तागड्या तपासल्या, पेट्रोलपंपांची मापं तपासली. आता सख्ख्या बहिणीला काटा मारू देऊ? तुझे एकशे अठ्ठावन्न म्हणजे एकशे अठ्ठावन्नच.

चांगला खेळाडू त्या अठरा होलना बहात्तर फटके घेतो. त्याला पार म्हणतात. तुझ्या आकड्यात असे दोन चांगले खेळाडू बसतात आणि वर चिल्लर उरते.

लहानपणी तू विहिरीत दगड मारायचीस तोही काठावर पडायचा. तेव्हा हे तुला जमायचं नाही. इतकी खात्री आहे की शर्त लावतो. तू कधीकाळी एकशे वीसच्या आत आलीस, तर मी स्वतः, या लंगड्या पायाने, तुझ्या मैदानावर येईन आणि सगळ्यांच्या देखत टाळ्या वाजवीन. एका हाताने वाजतील तेवढ्या. खाली सही करतो.

दादा

---

२ मार्च

ती. दादा,

शर्त मंजूर. तुझं पत्र वहिनीला फोनवर वाचून दाखवलं, म्हणजे साक्षीदार झाली. तिने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "अर्धांगाचा झटका येऊन वर्ष झालं, बाल्कनीच्या पुढे गेलेले नाहीत. खरंच असं लिहिलंय?" मी म्हटलं, सही आहे. तर आता ऐक, ही शर्त मी गंमत म्हणून घेतलेली नाही. तू घराबाहेर यावास म्हणून घेतली आहे. तुला आधीच सांगून टाकते, मागून बोंब नको.

आणि जरा जपून, कारण माझा आकडा उतरतोय. एकशे एक्कावन्न, एकशे सेहेचाळीस, मग परत एकोणपन्नास, आणि मागच्या रविवारी एकशे एकोणचाळीस! परत वर गेला तेव्हा मी तोंड पाडून बसले होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, नवशिक्याने नुसत्या बेरजेकडे बघू नये. एक दिवस वारा असतो, एक दिवस झोप झालेली नसते. त्यापेक्षा चेंडू किती हरवले ते बघा. सुरुवातीला मी अर्धी पिशवी तळ्याला वाहायचे, आता चार-पाचच जातात. हवेतले फटके तर जवळजवळ संपले. आणि एका होलला मी चक्क पार केलं. सिस्टर म्हणाल्या चेंडू झाडाला आपटून आत आला. आला ना पण!

कालच एका गिऱ्हाइकाला नंबर तपासताना मी म्हटलं, "नजर खाली ठेवा, खांदे वळवा." ते बिचारे वळले.

तुझी,
भिंगरी

---

१० मार्च

चि. भिंगरी,

पत्र पोचलं. प्रगती ऐकून आनंद झाला. इतका झाला की लगेच उत्तर लिहायला बसलो. आता तुला खरी विद्या देतो. त्या शिकवणाऱ्या बाईंना हे काही सांगू नकोस. हल्लीची मुलं पुस्तकी असतात.

पहिलं, पकड. क्लब असा आवळून धर की बोटं पांढरी पडली पाहिजेत. सैल धरलास तर हातातून उडून सिस्टरच्या कपाळात जाईल.

दुसरं, नजर. फटका मारल्यावर लगेच वर बघायचं नाही. जमिनीकडेच बघत मनात दहा अंक मोज, मग मान वर कर.

तिसरं, बॅगेतला सगळ्यात लांब, मोठ्या डोक्याचा क्लब आहे ना, ड्रायव्हर, तो सगळीकडे वापर. गवतात, उतारावर, वाळूच्या खड्ड्यातसुद्धा. एका हत्याराची सवय झाली की हात बसतो.

आणि आकड्याची घाई करू नकोस. एकशे वीस हा फार मोठा पल्ला आहे. वर्षं जातात लोकांची.

तुझी वहिनी बरी आहे. मीही मजेत. व्यायाम चालू आहेत.

दादा

---

१४ एप्रिल

ती. दादा,

तू सांगितलंस ते सगळं अगदी डोळे मिटून केलं. एकशे चव्वेचाळीस. पुढच्या खेपेला एकशे बावन्न. काल एकशे एकसष्ट. दादा, पहिल्या दिवशी, मला चेंडू कुठल्या बाजूने मारायचा हे माहीत नव्हतं तेव्हासुद्धा मी यापेक्षा बरी होते.

तळहाताला फोड आलेत. वाळूच्या खड्ड्यात तो भलामोठा ड्रायव्हर घेऊन उतरले, आठ वेळा मारला, चेंडू तिथेच आणि मी गुडघाभर खाली. मागे लोक खोळंबले होते. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, विहीर खणताय का?" आणि ते दहा अंक! मी मान खाली घालून दहा मोजते, वर बघते तर चेंडूचा पत्ता नाही. कुठे गेला ते सिस्टरना विचारावं तर त्याही मला सोबत म्हणून खालीच बघत असतात.

हसू नकोस. काल मी गाडीत येऊन बसले आणि रडू आलं. या वयात एवढ्याशा गोष्टीचं रडू येतं याची लाज वाटली, त्याने आणखी आलं. माझ्याच्याने हे होईलसं वाटत नाही. बॅग परत पाठवू का?

वहिनी सांगत होती, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या माणसाला तू "पुढच्या महिन्यात या" म्हणून वाटेला लावलंस. आणि मला लिहितोस व्यायाम चालू आहेत. दोघंही बहीणभाऊ एका माळेचे मणी.

भिंगरी

---

२० एप्रिल

चि. भिंगरी,

रडू नकोस गं. खेळ आहे, परीक्षा नाही. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही. तू चष्मे उत्तम बनवतेस, हे काय कमी आहे? हात दाखवून अवलक्षण कशाला?

सोडून दिलंस तर मी तुला अजिबात नावं ठेवणार नाही. बॅग मात्र इकडे पाठवू नकोस. कोणाला तरी देऊन टाक.

व्यायामाच्या माणसाचं म्हणशील, तर तो मला बोळक्या पोराला म्हणावं तसं "शाब्बास, शाब्बास" म्हणतो. पाय दोन बोटं उचलला की शाब्बास. मी पहाटे उठून अठरा होल चालून, वर ऑफिसला जाणारा माणूस. मला नको तसली शाब्बासकी.

दादा

---

६ मे

दादा,

आज ती. नाही आणि नमस्कारही नाही.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे सोडायचं ठरवून मी पैसे भरलेला शेवटचा तास घ्यायला गेले. शिकवणाऱ्या बाईंनी माझे चार फटके बघितले आणि विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी मान ताठ करून म्हटलं, माझ्या भावाने, तीस वर्षं खेळलाय, त्याच्या गोल्फ क्लबाच्या नियम समितीवर होता. बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "एखाद्याने चुकून एक गोष्ट उलटी सांगितली असती. तिन्हीच्या तिन्ही उलट्या सांगायला खेळ फार चांगला यावा लागतो."

मी तिथेच बाकावर बसले. पहिल्यांदा खूप हसले, खरं सांगते. मग तुझी पत्रं ओळीने आठवली. माझा आकडा एकशे एकोणचाळीसवर आला आणि तुला एकदम विद्या सुचली! अरे, गावभरच्या वाण्यांना काट्यासाठी दंड करणारा माणूस तू, आणि सख्ख्या बहिणीचा केसाने गळा कापतोस? तेही डाव्या हाताने?

मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं. दादा, इतकी भीती वाटते तुला बाहेर यायची? मी शर्त हरावी, मी रडावं, हे चालेल, पण चार लोकांनी तुला काठी टेकत चालताना बघायला नको?

तुला एक सांगते, राग आला तर येऊ दे. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या आकड्याची बरोबरी बहात्तरशी केलीत तर जन्मभर रडाल. मागच्या महिन्यातल्या स्वतःशी करा." तू तेच करतोयस. पहाटे अठरा होल चालणाऱ्या त्या माणसाशी स्वतःची बरोबरी करतोस आणि दोन बोटांची शाब्बासकी नको म्हणतोस. अरे, चालण्यात आता तूही नवशिकाच आहेस. माझ्याइतकाच. मी एकशे अठ्ठावन्नला टाळ्या वाजवल्या होत्या, तू दोन बोटांना वाजव की.

मी खेळणं सोडत नाही. आता तर मुळीच नाही.

भिंगरी

---

१ जून

ती. दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनी म्हणते, पत्र वाचून तू जेवणाचं ताट सारून उठलास. मला वाटलं होतं फार झालं की काय. पण लिहिलेला शब्द मागे घेत नाही.

हालहवाल एवढाच: एकशे चौतीस, मग एकशे सव्वीस. ड्रायव्हर बॅगेत झोपलाय. तरी लांबचा फटका अजून उजवीकडे पळतो. बाई आजारी आहेत, दोन आठवडे येणार नाहीत. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, ताप आहे का बघा.

भिंगरी

---

५ जून

भिंगरी,

पकड अजून आवळलेली असणार. मीच लावलेली सवय. चिमणीचं पिल्लू धरतात तशी सैल धर, आणि डावा खांदा हनुवटीखाली येईपर्यंत वळ.

हे खरं आहे. बाई आल्या की विचारून घे.

व्यायामाच्या माणसाला निरोप धाडला होता. सोमवारपासून येतो.

दादा

---

२८ जुलै

ती. दादा,

साष्टांग नमस्कार, आज मनापासून.

तुझी सैल पकड लागू पडली. जून अखेरीस एकशे बावीस झाले, मग दोनदा एकशे तेवीस. काल सकाळी निघाले तेव्हाच वाटत होतं की आज काहीतरी होणार. सतराव्या होलपर्यंत माझी बेरीज एकशे तेरा होती. शेवटचा होल सहा फटक्यांत झाला तर एकशे एकोणीस. सिस्टर माझ्यापेक्षा घाबरल्या होत्या. त्या स्वतःचे फटके मोजायलाच विसरल्या.

चार फटक्यांत चेंडू ग्रीनवर आला, म्हणजे भोकाभोवती ते कातरलेलं गुळगुळीत गवत असतं ना, तिथे. भोक सात-आठ पावलांवर. दोन फटक्यांत आत गेला की झालं. मी गवताचा उतार बघायला वाकले, आणि खिशातला वाचायचा चष्मा सटकला तो नेमका चेंडूवर! चेंडू वीतभर बाजूला सरकला. जन्मभर लोकांना ओरडून सांगितलं, चष्म्याला दोरी लावा, दोरी लावा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

मी चेंडू होता तिथे परत ठेवला. पुढचा फटका भोकाजवळ थांबला, त्याच्यानंतरचा आत. पण माझ्याच चष्म्याने चेंडू हलला, तेव्हा मी दंडाचा एक फटका स्वतःला लावून घेतला. सिस्टर खूप भांडल्या, म्हणाल्या कोणी बघितलं नाही. मी म्हटलं, आमच्या घरात काटा मारत नाहीत. एकदा मारला होता एकाने, तो पचला नाही त्याला.

तर बेरीज एकशे वीस. शर्त एकशे वीसच्या आतली होती. मी हरले, दादा. तू सुटलास. यायला नको.

वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. तू तिथे उभा आहेस असं मी इतक्या वेळा मनात आणलं होतं की शेवटच्या होलला मान वर करून बघितलंही. पण एकशे अठ्ठावन्नवरून एकशे वीस, हे माझं मला पुरतं. तुझ्यावर आता कसली सक्ती नाही. बरा राहा. सोमवारच्या माणसाला हाकलू नकोस.

तुझी,
भिंगरी

---

४ ऑगस्ट

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. वाचून पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या वहिनीला म्हटलं, "हरली बिचारी." ती उठून आत गेली. मी पत्र घडी घालून उशीखाली ठेवलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तुला वाटेल आळस केला. आळस नव्हता.

आता नीट वाच. ग्रीनवर खेळाडूच्या हातून, पायाने किंवा त्याच्या एखाद्या वस्तूने चेंडू चुकून हलला, तर त्याला दंड नाही. चेंडू होता तिथे परत ठेवायचा आणि खेळायचं. तू ठेवलास. बात खतम. पूर्वी दंड होता, पुढे नियम बदलला. बदलला तेव्हा समितीच्या फळ्यावर तो कागद मीच लावला होता. तू लावून घेतलेला फटका चुकीचा आहे. जास्तीचं माप हेही खोटंच माप. मी कमी तोलणाऱ्याला दंड केला आणि जास्त तोलणाऱ्याला हसलो, असं कधी झालं नाही.

तुझी बेरीज एकशे एकोणीस. तू जिंकलीस.

आता एक विचारावंसं वाटतं. तुझ्या त्या शिकवणाऱ्या बाईंनी सात महिन्यांत तुला एवढा साधा नियम सांगितला नसेल, हे मला पटत नाही. सांगितला असेल, तर नियम माहीत असूनही तू निकाल माझ्यावर सोडलास आणि मला गप्प बसायची पूर्ण मोकळीक दिलीस. उत्तर देऊ नकोस. मला कळायचं ते कळलं. लहानपणी विहिरीच्या काठावर दगड पडायचे तेही मुद्दाम पाडत होतीस की काय कोण जाणे.

भीती वाटते, भिंगरे. तू विचारलंस तेव्हा उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. पाय फरफटतो. घाईत बोललो तर लाळ गळते, ती मला कळतही नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळते. ते बघायला लागू नये म्हणून दीड वर्ष दार उघडलं नाही. तुला रडवलं, तेही त्यासाठीच. आजवर तू मला त्याबद्दल एकदाच बोललीस, दुसरा कोणी असता तर तोंड बघितलं नसतं.

आज सकाळी तुझ्या वहिनीला म्हटलं, चपला दे. तिला वाटलं बाल्कनीत उन्हाला बसायचंय. मी म्हटलं, नाही, खाली. जिना उतरायला फार वेळ लागला. मधल्या मजल्यावरची बाई दार उघडून बघत होती. मी थांबलो, तिला नमस्कार केला, शब्द जरा वाकडेतिकडे आले. ती म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी दिसलात," आणि कचऱ्याची बादली उचलून निघून गेली. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी दीड वर्ष घरात बसलो होतो.

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. तू स्टेशनवर येऊ नकोस, मैदानावर खेळत राहा. शेवटच्या होलला मान वर करून बघ.

दादा